मामाची ओळख संपते तिथून पुढे: खान्देशातून नोकरी शोधणाऱ्यांसाठी लिंक्डइन

दिवाळीत ट्रॅव्हल्स पहाटे जळगावात सोडते. आठपर्यंत मी यावल तालुक्यातल्या आमच्या गावी पोचतो, आणि चहा संपायच्या आत कुणीतरी पोरगं ओट्यावर येऊन मोबाईल पुढे करतं. "भो, लिंक्डइनवर नोकरी भेटते का खरंच?"

मी चाकणला प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. तिथवर पोचलो ते नोकरीधंद्याच्या ओळखी जोडणाऱ्या या साइटवर सापडलेल्या एका सीनियरमुळे. तेव्हापासून गावाने मला या विषयाचा जाणकार ठरवून टाकलंय. जाणकार कसला, पण गेल्या काही वर्षांत बारा-पंधरा पोरापोरींची प्रोफाइलं शेजारी बसून भरून घेतली. कुणाचं काम झालं, कुणाचं नाही. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो.

आधी सांगा, काम कोणतं हवंय?

रेल्वे, वरणगाव-भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचं वीज केंद्र, पोलीस, तलाठी यातलं काही डोक्यात असेल तर हा लेख इथेच मिटा आणि अभ्यासिकेत जा. तिथे जाहिरात निघते, परीक्षा होते, यादी लागते. तिथे प्रोफाइल कितीही चकचकीत करा, उपयोग शून्य.

आयटीआय करून फिटर, वेल्डर, मोल्डिंगचा ऑपरेटर व्हायचं असेल तरी लिंक्डइन दुय्यम. ही भरती गेटवर होते, ठेकेदाराकडून होते, आधीपासून कामावर असलेल्या माणसाच्या शब्दावर होते. त्यांच्यासाठी 'अपना'सारखं अॅप, अप्रेंटिसशिपचं सरकारी पोर्टल आणि राज्य सरकारचं महास्वयंम पोर्टल जास्त कामाचं. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडून रोजगार मेळावे भरतात, त्यांची माहितीही महास्वयंमवर येते. नोंदणीला पैसे लागत नाहीत.

उरले डिप्लोमा-डिग्रीवाले: प्रॉडक्शन आणि क्वालिटी इंजिनिअर, फार्मा कंपनीतले केमिस्ट, अकाउंट्स, सेल्स, एचआर, सॉफ्टवेअर, टिश्यू कल्चरच्या लॅबमधली मुलं, केळीच्या निर्यातीची कागदपत्रं बघणारे, साक्रीकडच्या सौर आणि पवन प्रकल्पांवर काम शोधणारे. त्यांना उपयोग होतो. फक्त तो होतो कसा, हे समजून घेतलं नाही तर सहा महिने नुसतं बोट झिजतं.

मामाची ओळख आणि लांबची ओळख

आपल्याकडे कामाला लागायची पद्धत जुनीच आहे. मामा सुरतेला, उधन्यात. चुलतभाऊ सातपूरला. गावचा एक जण रांजणगावला सुपरवायझर. बारावी झाली की फोन जातो, पोरगं पिशवी घेऊन निघतं. या पद्धतीला नावं ठेवू नका, तिने अर्धा खान्देश पोसलाय.

तिची अडचण एकच. मामा ज्या चौघांना ओळखतो त्याच चौघांना बाबाही ओळखतात, चुलतभाऊही ओळखतो. नवी बातमी त्या गोतावळ्यात शिरतच नाही. मामा लूमवर असेल तर कामही लूमवरचंच सांगणार, तुम्ही बी.टेक. झालात तरी. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्येच लिहून ठेवलंय की नोकरीची खबर जवळच्यांपेक्षा लांबच्या, क्वचित भेटणाऱ्या ओळखीतून जास्त येते. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याच लिंक्डइनवरचा मोठा प्रयोग छापून आला. पाच वर्षं, दोन कोटी सभासद. निष्कर्ष असा की लांबच्या ओळखी नोकरीला खरंच कामी येतात, पण अगदी अनोळखी नव्हेत, मधल्या. ज्यांच्यात आणि आपल्यात दहाएक माणसं सामायिक आहेत अशा.

त्यातली एक गोष्ट मला फार पटली. संगणकावर चालणाऱ्या क्षेत्रांत लांबची ओळख चालते, पण जिथे असं काम कमी आहे तिथे जवळचीच ओळख भारी पडते. म्हणजे मोल्डिंगच्या ऑपरेटरला मामा, आणि सॉफ्टवेअरच्या पोरीला लिंक्डइन. आमच्या ओट्यावर हे बिनप्रयोगाचं सगळ्यांना माहीत होतं, पण छापून आलं की बरं वाटतं. क्वालिटी, डिझाइन, प्लॅनिंगवाले आम्ही दोन्हींच्या मध्ये. आम्ही दोन्ही दोर धरावेत.

खातं उघडताना

साइट 2003 पासून चालू आहे, 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती घेतली. आता ती मराठीतही दिसते. सुरुवातीला मराठीत ठेवून सगळी बटणं ओळखून घ्या, पण स्वतःची माहिती इंग्रजीत भरा. भरती करणारे इंग्रजी शब्द टाकूनच शोधतात.

नाव मार्कशीटवर आहे तसं. आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव ही आपली कॉलेजची सवय इथे सोडा. फोटो चेहऱ्याचा, उजेडातला. तोरणमाळला सीताखाईच्या कठड्यापाशी गॉगल लावून काढलेला नको, आणि भावाच्या लग्नातला फेट्यातला तर नकोच. पांढऱ्या भिंतीसमोर मित्राने मोबाईलवर काढलेला चालतो. मोबाईल नंबर आणि घरचा पत्ता सगळ्यांना दिसेल असा टाकू नका. मुलींना हे दोनदा सांगतो.

नावाखालची ओळ, जिला हेडलाइन म्हणतात, तिथे मात्र वेळ घाला. तुम्ही कुठेही जा, कुणालाही रिक्वेस्ट पाठवा, नावासोबत तीच ओळ जाते. तिला 220 अक्षरांची जागा असते आणि बहुतेक पोरं ती अशी वाया घालवतात:

"सीकिंग अपॉर्च्युनिटीज, हार्ड वर्किंग, क्विक लर्नर, टीम प्लेअर."

भरती करणारा माणूस 'हार्ड वर्किंग' असं टाइप करून कधी शोधत नाही. तो मशीनचं, चाचणीचं, सॉफ्टवेअरचं नाव टाकतो. जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात ट्रेनिंग केलेल्या एका मुलाची ओळ आम्ही बदलून अशी केली:

"बी.टेक. प्लास्टिक टेक्नॉलॉजी, पाइप एक्स्ट्रूजन प्लँटमध्ये 6 महिने ट्रेनिंग, एमएफआय, डेन्सिटी आणि हायड्रोस्टॅटिक टेस्टिंग, आयएस 4985."

एमएफआय म्हणजे वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं त्याचं माप, आणि आयएस 4985 हे पाण्याच्या पीव्हीसी पाइपचं भारतीय मानक. ते चार आकडे बघितले की पाइपवाल्याला कळतं, हे पोरगं लॅबमध्ये उभं राहिलेलं आहे. पुण्यातल्या किंवा बंगळुरूच्या मुलाकडे इंग्रजी असेल, पण पाइपच्या लॅबमध्ये सहा महिने असतीलच असं नाही. आपलं भांडवल हे आहे आणि आपण ते लपवतो.

लपवण्यावरून आठवलं. रावेरकडचा एक बी.कॉम. मुलगा. सुट्टीत दोन हंगाम केळीच्या पॅकहाउसमध्ये राबलेला, पण प्रोफाइलमध्ये त्याचा शब्द नाही. "ते काय काम आहे का भो, मजुरी होती." मी त्याला बसवून काय काय केलं ते बोलायला लावलं. घडाचे फणे सोडवणं, धुणं, वजन करून 13 किलोचा खोका भरणं, प्री-कूलिंग, कंटेनर 13-14 अंशांवर लावणं, गाडी निघताना कागद जुळवणं. हे सगळं अनुभवाच्या रकान्यात साध्या इंग्रजीत पाच ओळींत लिहिलं, तारखांसकट. त्याला पहिला प्रतिसाद आला तो न्हावा शेवा बंदराशी काम करणाऱ्या एका माल पाठवणाऱ्या ऑफिसातून. त्यांना नाशवंत माल म्हणजे काय हे माहीत असलेला कॉमर्सचा मुलगा हवा होता. हे ज्याला तो मजुरी म्हणत होता त्यातून आलं.

'अबाउट'मध्ये चार-पाच ओळी पुरेत. काय शिकलो, हाताने काय केलं, कोणतं काम हवंय, कुठे जायची तयारी आहे. एआयकडून लिहून घेतलेली गुळगुळीत परिच्छेदं मी आता दोन ओळींत ओळखतो, आमचे एचआरवालेही ओळखतात. भाषा तपासून घ्यायला वापरा, मजकूर तुमचा ठेवा.

ठिकाणाचा एक खाचखळगा आहे. तुम्ही 'जळगाव' टाकलंत आणि कंपनीने 'पुणे' लावून शोधलं, तर तुम्ही दिसतच नाही. खोटं पुणं टाकू नका. 'ओपन टू वर्क' नावाची सोय आहे, तिथे कामाच्या पदांसोबत पुणे, नाशिक, सुरत, छत्रपती संभाजीनगर अशी हवी ती शहरं भरता येतात. ते फक्त भरती करणाऱ्यांना दाखवायचं की फोटोभोवती हिरवी कड लावून सगळ्यांना, हे तुम्ही ठरवता. पहिल्या नोकरीच्या शोधात असाल तर खुशाल सगळ्यांना दाखवा. नोकरीत असाल तर नको, साहेबही त्याच साइटवर असतो.

माणसं शोधणं, म्हणजे खरं काम

इथे आपली पोरं चुकतात. खातं उघडतात, जाहिरातींवर 'ईझी अप्लाय' दाबत सुटतात, दोनशे अर्ज करतात आणि "काही अर्थ नाही भो" म्हणून बंद करतात. एकेका जाहिरातीला शेकड्याने अर्ज येतात, त्यात आपला एक.

कॉलेजच्या पानावर जा. तिथे माजी विद्यार्थ्यांचा वेगळा भाग असतो, त्यात कोण कुठल्या शहरात, कुठल्या कंपनीत, कुठल्या कामात आहे हे गाळून बघता येतं. आता खास आपल्याकडची गंमत. आपलं विद्यापीठ 1990 मध्ये सुरू झालं ते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून, आणि 2018 मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. त्यामुळे जुने सीनियर जुन्या नावाखाली बसलेत, नवे नव्या नावाखाली, काहींनी नुसतं 'एनएमयू जळगाव' लिहिलंय. 1990 च्या आधी शिकलेले तर पुणे विद्यापीठाचे, कारण तेव्हा जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुण्याला जोडलेली होती, आणि आज मोठ्या खुर्चीवर असलेले बरेच लोक त्याच काळातले. काही इंजिनिअरिंग कॉलेजं आता लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे आहेत. एकाच नावाने शोधून थांबलात तर निम्मी माणसं हातची जातात. विद्यापीठाची सगळी नावं, मग कॉलेजचं नाव, पूर्ण आणि लघुरूप, असं सगळं टाकून बघा.

आडनावावरून शोधू नका. 'पाटील' टाकलं तर अर्धा महाराष्ट्र येतो. आणि आडनाव बघून ओळख काढायची आपली खोड कारखान्याच्या दारात सोडलेलीच बरी.

वीस जणांची यादी करा. तुमच्या कामाच्या क्षेत्रातले, तुमच्यापेक्षा तीन ते आठ वर्षं पुढे असलेले. कंपनीचे मालक, डायरेक्टर यांना लिहून उपयोग नसतो. तीन-आठ वर्षांच्या माणसाला आपलं बेकार असणं अजून आठवत असतं, आणि त्याच्या विभागात जागा निघाली तर ती त्याला जाहिरातीच्या आधी कळते.

आता चिठ्ठी. मला येणाऱ्या दहातल्या आठ अशा असतात:

"हॅलो सर, आय अॅम फ्रेशर. प्लीज गिव्ह मी एनी जॉब इन युवर कंपनी. सीव्ही अटॅच्ड."

'एनी जॉब' वाचलं की मी काय करू? मी मालक नाही. मी 'सॉरी, काही नाही' एवढंच लिहू शकतो आणि संवाद तिथेच संपतो. पारोळ्याच्या एका मुलीने मात्र हे लिहिलं होतं, इंग्रजीत, आशय असा:

"सर, मी जळगावहून प्लास्टिक टेक्नॉलॉजी केलं, आपल्याच विभागातून. पाइपच्या लॅबमध्ये होते, आता ऑटोमोबाइलच्या सुट्या भागांकडे यायचंय. तुमच्याकडे सुरुवातीला पीपीएपी शिकवतात की शिकून यावं लागतं?"

पीपीएपी म्हणजे गाडीचा सुटा भाग मंजूर करून घेताना द्यायच्या कागदपत्रांची पद्धत. या प्रश्नाला उत्तर द्यायला मला दोन मिनिटं लागली. चार दिवसांनी तिने पुढचा प्रश्न विचारला. महिन्याभरात मला तिचं काम, तिचा पोच सगळं कळलं होतं, आणि शेजारच्या प्लँटमध्ये ट्रेनीची जागा निघाली तेव्हा मीच तिचा सीव्ही मागितला. तिने नोकरी मागितलेलीच नव्हती.

रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या चिठ्ठीला अक्षरांची मर्यादा असते, आणि फुकटच्या खात्यावर महिन्याला मोजक्याच चिठ्ठ्या मिळतात. त्या यादीतल्या वरच्या माणसांसाठी राखा. माणूस खान्देशातला आहे अशी खात्री असेल तर मराठीत लिहायला हरकत नाही. गावाचं नाव आलं की लोक जरा पघळतात, मी पण. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. माझ्या सीनियरने मला तिसऱ्या आठवड्यात उत्तर दिलं होतं, "शटडाउन चालू होता रे" म्हणून. लोकांना कामं असतात.

जाहिराती

जॉब्सच्या भागात पद आणि शहर टाकून अलर्ट लावा, आणि शोधताना 'गेल्या 24 तासांतल्या' किंवा 'गेल्या आठवड्यातल्या' एवढंच गाळा. महिन्याभराच्या जाहिरातीत बहुतेकदा फक्त धूळ असते. आवडलेली जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या साइटवर आहे का बघा, असेल तर अर्ज तिथे करा आणि मग त्या कंपनीतल्या तुमच्या यादीतल्या माणसाला एक ओळ टाका.

नोकरी डॉट कॉम सोडू नका. ती 1997 पासून आहे आणि कारखान्यांच्या एचआरला तिची सवय आहे. लिंक्डइनवर माणूस सापडतो, नोकरी डॉट कॉमवर एचआर तुम्हाला शोधतो, दोन्ही कामं वेगळी. तिथला सीव्ही अधूनमधून उघडून काहीतरी ताजं करत राहा, म्हणजे शोधात वर राहता.

प्रीमियम, म्हणजे लिंक्डइनचं पैसे भरून मिळणारं खातं, घेऊ का, हा हमखास प्रश्न. पहिल्या नोकरीसाठी नको. त्या पैशात पुण्याची दोन-तीन तिकिटं येतात.

पैसे मागितले की फोन ठेवा

माझ्या मावसभावाला एका मोठ्या कंपनीच्या नावाने मेसेज आला. लोगो बरोबर, भाषा बरोबर, ऑनलाइन मुलाखतही झाली, दहा मिनिटांची. मग ऑफर लेटर, आणि लॅपटॉपच्या अनामतीचे अडीच हजार. भरले. मग 'बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन'चे चार हजार मागितले तेव्हा त्याने मला फोन केला. ईमेलचा पत्ता जीमेलचा होता, कंपनीचा नव्हे. ते आधी बघायला हवं होतं. पोरगं हुशार आहे, पण घरात चार महिने "काय झालं रे तुझ्या नोकरीचं" ऐकलं की माणूस बघत नाही.

नोकरी देणारा पैसे मागत नाही, नोंदणीचे नाही, गणवेशाचे नाही, अनामतीचे नाही. टेलिग्रामवर बोलावून 'व्हिडिओ लाइक करा, रोज पैसे मिळवा' सांगणारेही त्याच माळेतले. मेसेज करणाऱ्याचं प्रोफाइल उघडा: कधी बनवलंय, ओळखी किती, पडताळणीची खूण आहे का. आखातातल्या नोकरीचं असेल तर एजंटची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासल्याशिवाय पासपोर्ट हातातून सोडू नका. पैसे गेलेच तर लाजेपोटी रात्र घालवू नका, लगेच 1930 ला फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर गोठवता येतात.

आठवड्याला किती वेळ?

दोन वेळा अर्धा-अर्धा तास, बस्स. एकदा जाहिराती, एकदा माणसं. बाकी वेळ साइटवर जो प्रवचनांचा पूर वाहतो ("आज मला चहावाल्याने नेतृत्व शिकवलं") तो वाहू द्या. स्वतः काही टाकायचं असेल तर केलेल्या कामाचं टाका. पाइपचा नमुना चाचणीत कुठे फुटला आणि का, याचा एक फोटो आणि चार ओळी. कंपनीची परवानगी विचारून.

तीन महिन्यांत एकही उत्तर आलं नाही तर आणखी अर्ज करू नका. हेडलाइन आणि चिठ्ठी कुणा सीनियरला दाखवा, दोष बहुतेकदा तिथे असतो.

बोलावणं आलं की

पहिली फेरी शक्यतो ऑनलाइन मागा. चाकणला एकदा यायचं म्हणजे जाता-येता दोन रात्री ट्रॅव्हल्समध्ये आणि मधला दिवस अंगावर. विचारलं तर बहुतेक एचआर हो म्हणतात, विचारायला मात्र आपण लाजतो.

गावातून ऑनलाइन मुलाखत द्यायची तर आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच जागी मित्राला व्हिडिओ कॉल करून बघा. आमच्याकडे दुपारी लाइट जाते, आणि वायफाय त्याच्यासोबत. मोबाईलचा डेटा भरून ठेवा, फोन शंभर टक्के चार्ज करा, तो हातात न धरता डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर आडवा लावा. पारोळ्याच्या त्या मुलीने धान्याच्या कोठीवर फोन ठेवून मुलाखत दिली होती, गच्चीवरच्या खोलीत, कारण रेंज तिथेच होती. मधेच खाली भोंगा वाजला, भांडीवाला आला होता. तिने "एक मिनिट सर" म्हणत माइक बंद केला, खिडकी लावली आणि एमएफआयचं उत्तर जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं.